चौथ्या रांगेतला सहावा दगड

"साल सांगा, महिना सांगा, गाव सांगा आणि तालुका सांगा," कारकून म्हणाला.

"साल एकोणीसशे अठरा. महिना माहीत नाही, मानमोडीची साथ होती तेव्हाचा. गाव कासारडोह. आणि तालुका हाच. तुमच्या दारावर पाटी आहे, ती वाचून सांगते आहे."

"हा आत्ताचा झाला, बाई. तेव्हाचा सांगा."

"तेव्हा हे गाव शेजारच्या तालुक्यात होतं. तिथे मी गेल्या सोमवारी जाऊन आले. ते म्हणाले, गाव तिकडे गेलं तेव्हा गावाचं दप्तरही तिकडे गेलं."

"आलं असलं तर इथे असायला पाहिजे."

"तेच तर म्हणते. बघा ना!"

"बघितलं असतं हो. पण त्या सालची जन्म-मृत्यूची पुस्तकं सगळी मोडीत. मोडी वाचणारे एकच हिंगमिरे रावसाहेब होते, ते मार्चात रिटायर झाले. आता मुलीकडे असतात, अमरावतीला."

माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली म्हणता! मी तेव्हा नगरच्या एका दवाखान्यात मेट्रन होते. वॉर्डात नुसती खाकरले तरी पोरी पदर सावरून सरळ उभ्या राहायच्या. आणि इथे हा माझ्या पोराच्या वयाचा माणूस कानात काडी घालून मला अमरावती दाखवत होता. ती माझी चौथी फेरी होती. सरकारी काम अन् सहा महिने थांब म्हणतात, पण माझ्याकडे सहा महिने नव्हते. सहा आठवडे तरी होते की नाही, देव जाणे.

आईचं हृदय थकलं होतं. सत्त्याहत्तर वर्षांची होती. पायांवरची सूज गुडघ्याच्या वर चढली, तेव्हा आमच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं आणि मी मान हलवली. मला न सांगताही कळत होतं. आईलाही कळत होतं. तिने औषध मागितलं नाही, तेलंगणातल्या नातवाला बोलावून घे म्हणाली नाही. एकच मागितलं.

"येमीमा, मला माझ्या आईशेजारी निजव."

तिची आई, म्हणजे माझी आजी सगुणाबाई, मानमोडीत गेली तेव्हा आई चार वर्षांची होती. आजोबा कासारडोहच्या मिशन शाळेत मास्तर होते. त्यांनी महिन्याभरात पोरीला नगरच्या बोर्डिंगात आणून सोडलं, दुसरं लग्न केलं आणि खानदेशाकडे निघून गेले. आईने आपल्या आईची कबर कधी पाहिली नाही. पुढे शिकून ती नर्स झाली, लग्न झालं, आम्ही दोघं झालो, बाबा गेले. कासारडोह नगरपासून तीस मैलांवर आहे, पण ती गेली नाही. जाऊ म्हटलं की म्हणायची, "काय बघायचं तिथे? त्या माणसाने एक दगडसुद्धा ठेवला नसेल." बापाचं नाव तिने उभ्या जन्मात घेतलं नाही. तो माणूस एवढंच म्हणायची.

"अगं, स्वर्गात भेटणारच आहे ना ती तुला?" मी म्हणाले.

"स्वर्गातलं स्वर्गात बघू. मी मातीचं बोलते आहे. बोर्डिंगची खाट झाली, क्वार्टरची झाली, आता तुझ्या घरची झाली. एकदा तरी आईजवळ निजू दे मला."

दुसऱ्याच दिवशी मी कासारडोहची गाडी धरली.

कासारडोहच्या पाळकसाहेबांची ना नव्हती. पण तिथल्या पंचमंडळींनी ठराव केलेला होता. जुन्या भागात जागा थोडी, वारसदार फार आणि भांडणं त्याहून जास्त. म्हणून जुन्या भागात नवं दफन करायचं तर शेजारची कबर तुमच्या घरातली आहे हे दाखवायचं. कागदाने दाखवा, नाहीतर दगडावरच्या नावाने दाखवा. त्यात गैर काहीच नव्हतं. मी त्यांच्या जागी असते तर मीही हेच म्हटलं असतं. म्हणून तर जास्त चिडचिड व्हायची. शिव्या कुणाला द्यायच्या?

कागद कचेरीत मिळेना म्हणून चर्चच्या नोंदवहीकडे वळले. कपाटाची किल्ली सेक्रेटरींकडे आणि सेक्रेटरी लग्नाला गेलेले. दुसऱ्या खेपेला सेक्रेटरी होते तर किल्ली लग्नाला गेलेल्या पिशवीत राहिलेली. तिसऱ्या खेपेला कपाट उघडलं. दफनांची वही निघाली, पुठ्ठ्याची, जाडजूड, आणि उघडल्याबरोबर आतून भुसा सांडला. एकोणीसशे बारापर्यंतची पानं होती आणि एकवीसच्या पुढची होती. मधली वाळवीने खाल्ली होती.

"नेमकी हीच?" मी ओरडलेच.

"मधूनच खाते ती," सेक्रेटरी म्हणाले. "पुठ्ठा कडू लागतो तिला."

राहिले दगड. माझा धाकटा भाऊ अमोस पोस्टात होता. त्याला रजा काढायला लावली आणि आम्ही दोघं कबरस्थानात उतरलो. चर्चच्या मागे उतारावर चार-पाच रांगा, बाभळी, कुसळं आणि एक पडकी भिंत. मानमोडीतल्या बऱ्याच कबरींना दगडच नव्हता, नुसते उंचवटे. माणसं इतकी भराभर गेली की खड्डे खणणारेसुद्धा पुढच्या आठवड्यात खड्ड्यात. ज्यांना दगड होता तो काळा, आडवा, जमिनीबरोबर, आणि सत्तर पावसाळे त्यावरून गेलेले.

मी बादलीभर पाणी, नारळाच्या काथ्याचा कुंचा आणि रांगोळीचा पुडा नेला होता. दगड धुवायचा, ओला असतानाच वर रांगोळी चोळायची आणि तळहाताने पुसून काढायची. अक्षराची खाच उरली असेल तर रांगोळी तिच्यात बसते आणि पांढरं नाव वर येतं. हे मला कुणी शिकवलं नव्हतं, गरज शिकवते. तीन दिवसांत आम्ही चौतीस दगड धुतले. यशवंतराव निघाले, मिरजाबाई निघाल्या, 'प्रभूने दिले, प्रभूने नेले' असं नऊ ठिकाणी निघालं, एका दगडाखाली विंचू निघाला. सगुणाबाई काही निघेनात.

चौथ्या दिवशी दुपारी अमोसने हाक मारली. चौथी रांग, दक्षिणेकडून सहावा दगड. मी रांगोळी चोळली, पुसली. वरच्या ओळीत नाव होतं तिथला टवका उडालेला, फक्त शेवटचं 'बाई' शाबूत. खाली वय २६. त्याखाली सन १९१८.

"हीच!" मी म्हणाले.

अमोस उकिडवा बसला. वयाच्या आकड्यावरून बोट फिरवलं. "अक्का, आई तर म्हणते आजी बावीस-तेवीसची होती."

"वय कोण मोजत बसलं होतं तेव्हा?"

"मोजलं म्हणून तर लिहिलंय."

"चौतीस दगड धुतले, अमोस! दुसरी एक तरी बाई निघाली का त्या सालातली?"

"पण बिनदगडाच्या किती तरी असतील ना? त्यांतली एखादी…"

"मग ती मी कुठून शोधू? तू सांग. अमरावतीला जाऊ? वाळवीचं पोट चिरू?"

त्याने कुंचा उचलून बादलीत टाकला. माझ्यापुढे तो लहानपणापासून गप्पच होत आला आहे, आणि त्याचा मी जन्मभर फायदा घेतला हेही खरं.

त्या संध्याकाळी आईला सांगितलं की सापडली. ती उशीवर उठून बसली. चार दिवसांत तिने एवढी हालचाल केली नव्हती.

"दगड आहे?"

"आहे."

"नाव आहे त्यावर?"

मी हो म्हणाले. आता हो म्हटल्यावर पुढचं आलंच.

"मला ने. मेल्यावर न्यायचीच आहेस, त्याआधी एकदा ने. मला ते नाव बघू दे."

कासारडोहला गुरुवारचा बाजार असतो. तिथे पाटे-वरवंटे टाकवून देणारा एक म्हातारा बसायचा, मारुती नावाचा. वाटून वाटून पाटा गुळगुळीत झाला की त्याला पुन्हा टाकी मारून खरखरीत करायचा, हा त्याचा धंदा. त्याला घेऊन मी कबरस्थानात आले. अमोसला मुद्दाम आणला नव्हता. मी खडूने दगडावर मोठ्या अक्षरांत लिहिलं, सगुणाबाई, खाली सन १९१८. वयाचा आकडा लिहिलाच नाही.

मारुतीला वाचता येत नव्हतं. तो म्हणाला, "तुमी रेघ दावा, म्या रेघंवरून जातो." मग त्याने बोटाने जुन्या खुणा चाचपल्या. "आन ह्ये आदीचं हाय त्येचं काय करू?"

"काढून टाका."

"बाई, पाट्यावर टाकी फिरली म्हंजी मागलं काय बी ऱ्हात न्हाई. पुन्ना म्हनू नका."

"नाही म्हणत."

"तुमचंच मानूस हाय न्हवं?"

"माझी आजी आहे," मी म्हणाले. माझा आवाज वॉर्डातला होता तसाच निघाला, कडक. त्याने टाकी उचलली. दुपारी तीनपर्यंत जुनं सगळं गेलं आणि नवीन नाव उभं राहिलं. मी त्यावर चिखल चोळला, चहाचं पाणी ओतलं, शेण थापून दोन दिवस ठेवलं. नवेपणा जावा म्हणून. हे सगळं मला आपोआप सुचत गेलं. याचीच पुढे लाज वाटली.

पंचमंडळींनी दगड पाहिला आणि परवानगी दिली. वहीतली पानं वाळवीने खाल्ली होती, तेव्हा खोटं म्हणायला कुणाकडे काही नव्हतंच.

रविवारी दवाखान्याच्या गाडीतून आईला नेलं. फाटकापासून खुर्चीत बसवून अमोसने आणि ड्रायव्हरने उचलली. तिने दगडाजवळ खाली बसायचा हट्ट धरला. बसवली. चष्मा लावून तिने नाव वाचलं, मग चष्मा काढून बोटाने वाचलं. किती ठळक अक्षरं, असं काही म्हणेल म्हणून मी तिच्या तोंडाकडे बघत होते. अमोस बाभळीकडे तोंड करून उभा होता.

आई म्हणाली, "बाबांनी बसवला म्हणजे दगड."

तिच्या तोंडून बाबा हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला.

"मास्तरांचा पगार तो काय असणार तेव्हा? तरी बसवला. मी मेली सत्तर वर्षं त्यांना शिव्या घालत राहिले गं. म्हणायचे, माझ्या आईला कुत्र्यासारखं टाकून गेला तो माणूस." ती रडायला लागली, आणि रडता रडता हसत होती. "बाबा, चुकले हो मी!"

अमोस माझ्याकडे बघत होता. मी त्याच्याकडे बघितलं नाही.

अकरा दिवसांनी आई गेली. सहाव्या दगडाच्या उजव्या हाताला तिला ठेवलं. चांगलं मरण आलं, असं सगळे म्हणाले. तसं ते आलंच होतं. मीही मनाची समजूत घातली की शेवटी कबर कुणाचीही असो, माझी आई निवांत गेली ना? कुणाचं काय बिघडलं?

चार वर्षं मी याच समजुतीवर काढली. दर वर्षी तिच्या तारखेला मी शेवंतीची फुलं घेऊन कासारडोहला जायचे. चौथ्या वर्षी गेले तर चौथ्या रांगेत एक बाई उभी. पन्नाशीची, खांद्याला शबनम, हातात वही आणि झेरॉक्सचे कागद. बोट पुढे करून ती दगड मोजत होती. दक्षिणेकडून मोजत आली, माझ्या दगडापाशी थांबली, परत गेली, परत मोजत आली.

"सलाम," ती म्हणाली. "तुम्ही इथल्याच का? जरा बघता? ही चौथी रांग ना?"

"हो."

"मग सहावा हाच येतो. पण नाव भलतंच आहे हो."

तिचं नाव सुहासिनी पाटोळे. सोलापूरची, शाळेत शिक्षिका. तिची आजी कासारडोहला दाईचं काम करायची आणि मानमोडीतच गेली. सुहासिनीबाईंनी सहा वर्षं धुंडाळलं होतं. त्याही त्या कचेरीत गेल्या होत्या, त्यांनाही अमरावती दाखवली होती. शेवटी पुण्यातल्या एका जुन्या ग्रंथालयात त्यांना मिशनच्या जुन्या कागदांचं खोकं मिळालं. साथ ओसरल्यावर इथल्या मिशनच्या मडमेने सगळ्या कबरींची यादी उतरवून ठेवली होती, रांगेवार, दगडावार.

"हे बघा," त्या म्हणाल्या. "रांग चौथी, दक्षिणेकडून सहावी. रूथबाई, वय २६. दगड मंडळीने वर्गणी करून बसवला. दाई होती ना, सगळ्यांची पोरं हिने काढलेली. इतकं स्पष्ट लिहिलंय. मग ही सगुणाबाई कुठून आली?"

मी कागद हातात घेतला. माझं बोट आपोआप खाली सरकत गेलं. सगुणाबाई, मास्तरांची बायको, वय २२. रांग पहिली, भिंतीकडची शेवटची. दगड नाही.

दगड नाही. तीनदा वाचलं. मग वळून भिंतीकडे पाहिलं. तिथे घाणेरीचं रान माजलं होतं. माझी आई आणि तिची आई यांच्यात पुरतं तीन रांगांचं अंतर होतं.

मला सांगता आलं असतं की मोजण्यात चूक झाली असेल. यादी जुनी, रांगा मोडल्या, बाभळी आल्या. त्यांनी मानलंही असतं. इतक्या वेळा त्यांना असंच परत पाठवलं होतं सगळ्यांनी. तोंडाशी आलं होतं माझ्या. पण मला तो कारकून आठवला, कानात काडी घातलेला, आणि जीभ वळली नाही.

"दगड तुमच्याच आजीचा आहे," मी म्हणाले. "नाव मी घातलंय. जुनं खोडून."

मग सगळं सांगितलं. वय २६ मला दिसलं होतं हेसुद्धा सांगितलं. सुहासिनीबाईंनी मध्येच माझ्या हातातला कागद काढून घेतला. माझं संपलं तेव्हा त्यांचे ओठ पांढरे पडले होते.

"तुमच्या आईला हात ठेवायला नाव मिळालं," त्या म्हणाल्या. "माझ्या बापाला मी काय देऊ? सोलापूरपासून आणलंय त्यांना. आठ महिन्यांचे होते ते, आजी गेली तेव्हा. आईचं म्हणून काही म्हणता काही नाही त्यांच्याकडे. फोटो नाही, भांडं नाही. एवढा एक दगड होता!"

"मी पुन्हा नाव घालून देते. आजच माणूस बघते."

"ते तुमच्या अक्षरातलं नाव होईल. त्या लोकांनी घातलेलं गेलं ते गेलंच."

मी खाली वाकून दगडावरची सुकी पानं वेचायला लागले.

तेवढ्यात जीपच्या ड्रायव्हरचा हात धरून म्हातारेबाबा स्वतःच फाटकातून आत आले. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला, धोतर, डोक्याला रुमाल, बगलेत पाण्याची बाटली. "किती वेळ बसू गं गाडीत?" म्हणत ते आवाजाच्या रोखाने आले. सुहासिनीबाई पुढे झाल्या, त्यांना दगडाजवळ बसवलं. बाटलीचं बूच काढून म्हातारेबाबांनी दगडावर पाणी ओतलं आणि रुमालाने हळूहळू पुसायला लागले, पोराचं तोंड पुसावं तसे.

"काय लिहिलंय गं यावर? वाच."

सुहासिनीबाईंनी माझ्याकडे पाहिलं. ती नजर मी कधी विसरणार नाही. मग कागद घडी करून पिशवीत टाकला आणि सगुणाबाई या नावाकडे बघत त्यांनी मोठ्याने वाचलं, "रूथबाई. वय सव्वीस. सन एकोणीसशे अठरा. मंडळीने हा दगड बसवला."

"मंडळीने?"

"हो, बाबा. सगळ्यांनी मिळून."

म्हाताऱ्याने मान हलवली. दगडावर पाणी ओतायचं थांबवून त्यांनी डोकं वळवलं. "आणि हे कोण उभं आहे? कुणी बाई आहेत का?"

"मी नगरची," मी कशीबशी म्हणाले. "इथे शेजारी माझी आई आहे."

"कधी ठेवलं?"

"चार वर्षं झाली."

"बरं केलंत, बाई," ते म्हणाले. "फार बरं केलंत. मला सारखं वाटायचं, इतकी वर्षं एकटीच पडली आहे बिचारी."

त्यांनी माझा हात मागितला. मी दिला. तो ओला हात धरून ते बराच वेळ बसून राहिले, आणि मला तो सोडवून घेता येईना.